जिन्यातली जोडतार

"वाटच लागली! आई कुलूप लावून गेली!" जिन्यात उभ्या मेहरांगेझनं घराचं दार धडाधडा हलवलं. "आणि कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतच आहे!"

"कॉम्प्युटरचं बटण बंद आहे ना?" मैत्रीण शहनोझा म्हणाली.

"बटणानं काय होतंय? वीज प्लगमधून आत जातेच! प्लगच काढायला हवा!"

त्या कॉम्प्युटरमध्ये बाबांचा आवाज होता. बाबा रशियात बांधकामावर गेले आणि शवपेटीतून परत आले. त्यांनी पाठवलेले निरोप दुसरीकडं कुठंच नव्हते.

खुजंद शहरातली हिवाळ्याची सुट्टी. वीज सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी. आज सकाळीच पोरांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. वरच्या मजल्यावर शेगडी लागली, की मेहरांगेझकडचा दिवा मंद व्हायच्याऐवजी लख्ख व्हायचा! शेजारचा बेझान लगेच जिन्यातल्या वीजपेटीला नाक लावून आला.

"जळकट वास येतोय! सगळ्या घरांची न्यूट्रल तार, म्हणजे वीज परत जायची तार, एकच, आणि खोलमतकाकांनी ती तुटल्यावर तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती पिळून जोडलीय. ती सुटली, तर कुणाच्या घरात दुप्पट वीज घुसेल सांगता येणार नाही!"

खोलमतकाका म्हणजे इमारतीचे कारभारी. वीजपेटीची किल्ली त्यांच्याच खिशात. पोरं त्यांच्याकडं धावली.

"काका, पेटी उघडा ना! आमच्या घराचा खटका पाडायचाय, म्हणजे वीज आमच्याकडं येणारच नाही!"

"चला, पळा! तुमचे दुधाचे दात पडत होते तेव्हापासून टिकलीय ती जोडतार! शहाणे कुठले!"

अंधारायला लागलं. वीज आता कधीही येणार होती, आणि घराघरात शेगड्या, किटल्या आधीच लावून ठेवलेल्या. मेहरांगेझला रडू फुटलं. बेझान मात्र अंगणात पळाला आणि घसा फोडून ओरडला, "वीजवाले आले! मीटर तपासतायत!"

काकांचं धाबं दणाणलं! मीटरला वळसा घालून त्यांनी चोरून तार ओढली होती ना! ते अनवाणीच धावले. कुलूप काढलं, ती चोरटी तार उपटायला हात आत घातला. त्यांच्या काखेखालून मेहरांगेझनं आपला खटका खाली पाडला.

"काका, हात काढा! वीज येईल!" तिनं त्यांची बाही धरून त्यांना मागं ओढलं.

तेवढ्यात वीज आली. फाट्! पेटीतून निळा लोळ उठला. वरच्या घरांतले दिवे पांढरेफटक झाले आणि फुटले. कुणाचा फ्रीज गेला, कुणाचा टीव्ही. बायका किंचाळत जिन्यात आल्या. काका पायरीवर बसले.

"शाबास गं पोरी," ते पुटपुटले. "हात आत असता तर..."

दुसऱ्या दिवशी वायरमननं नवी तार बसवली. आईनं कॉम्प्युटर लावला. काकाही दारात उभे होते, मान खाली घालून. बाबांचा आवाज आला, "काय गं, वीज आली का तिकडं? पोरगी अंधारात तर बसली नाही ना?"

आईनं पडद्याकडं बघून उत्तर दिलं, "आली हो. आत्ताच आली."