साळूबाईची बिनतिखट बरणी

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलं की गोष्टीतला राग ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट रागाचीच आहे. मलकापूरच्या सप्ताहात एका म्हातारीची बरणी कुणी बाटवली, ते सांगतो.

चार वाजता संयोगिता आणि आप्पासो सांगलीहून पोचले, तेव्हा साळूबाईच्या परसात भांडण पेटलं होतं. संयोगिता खाजगी तपास करायची. आप्पासो निवृत्त हवालदार. तिची गाडी चालवायचे आणि हटकून भलत्याच माणसावर संशय घ्यायचे.

"तुझ्या लवंगीनं माझं वाटोळं केलं, चंदनबाला!" साळूबाई कडाडली. "कुंपणाला तिखट झाडं लावलीस. त्यांचा पराग लागून माझी भावनगरी मिरची जाळ झाली!"

"वैनी, वीस वर्सांचा शेजार हाय आपला..." चंदनबाला बोटांनी डोळे पुसत होती. तिनंच फोन करून संयोगिताला बोलावलं होतं.

झालं होतं ते असं. कीर्तनकार ज्ञानूबुवांच्या गळ्याला तिखट सोसत नाही. म्हणून साळूबाई परसात बिनतिखट मिरची लावायची, लिंबाच्या रसात आणि फेसलेल्या मोहरीत मुरवायची, आणि दर सप्ताहाला देवाच्या नैवेद्याला आणि बुवांच्या पानासाठी बरणी द्यायची. आज दुपारी पहिल्याच घासाला बुवांना ठसका लागला. घसा सुजला, आवाज गेला. सहाला कीर्तन. सप्ताहाचे प्रमुख हंबीरराव यांनी भर मंडपात सांगून टाकलं, साळूबाईनं पुन्हा देवळाची पायरी चढायची नाही.

"देण्याआधी चाखली नव्हती?" संयोगितानं विचारलं.

"आवं, देवाला दावायच्या आधी चाखत्यात का कुठं? गावाला ठावं हाय ते."

संयोगितानं कुंपणालगतच्या रोपाची भावनगरी तोडून आप्पासोंपुढं धरली. "खा."

आप्पासोंनी देवाचं नाव घेऊन चावा घेतला. "काकडीच की ही!"

कुंपणापलीकडं, गल्लीच्या बाजूला लवंगीच्या दोन फांद्या ओरबाडलेल्या होत्या. "आठ दिवसांत मी एक मिरची तोडली न्हाई," चंदनबाला म्हणाली.

"ही बाई रडतेय जरा जास्तच," आप्पासो गाडीत पुटपुटले. संयोगितानं गाडी मंडपाकडं घ्यायला सांगितली.

मंडपामागं आचारी रामगोंडा चूल फुंकत होता. धुरानं पाणावलेले डोळे बोटांनी चोळत म्हणाला, "सप्ताहात हिरवी मिरची आणतच न्हाई मी, सगळं सुक्या तिखटावर. बरणी हंबीररावांनी आणली. मी वरच्या दोन मिरच्या वाढल्या, बास."

"बुवांशी कुणाचं वाकडं?"

रामगोंडानं इकडंतिकडं पाहिलं. "वस्तीवरच्या पोरींची शाळंची वाट कुणीतरी तारंनं बंद केलीया. पोरी हायवेनं जात्यात, ट्रकांमधनं. बुवा काल कीर्तनात म्हणालं, उद्या नाव घेऊन सांगतो."

संयोगितानं तिथल्याच बरणीतून कोरड्या चमच्यानं वरची मिरची काढली. आप्पासोंनी चाखली आणि पाण्यासाठी धावले. परत आले तर तिनं बरणीच्या तळाची पुढं केली.

"ताई, मी काय पाप केलंय?"

"खा."

तळाची गोडसर निघाली.

हंबीरराव मंडपात खुर्चीत बसले होते. दोन्ही हातांची बोटं ताकाच्या वाडग्यात बुडालेली. "आरतीला निरांजन लागलं," ते म्हणाले. "म्हातारीला वझं नको म्हणून बरणी मीच आणली. उपकाराची फेड बघा!" कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, तो त्यांनी खांद्याच्या बाहीनं टिपला.

सहाला मंडप भरला. ज्ञानूबुवा वीणा धरून मुके उभे होते. साळूबाई पायरीखाली थांबली होती. संयोगिता पुढं आली.

"शेजारच्या झाडाचा पराग लागून यंदाचं फळ तिखट होत नाही. फरक पडला तर त्या बियांच्या पुढच्या पिकाला. कुंपणालगतची मिरची आप्पांनी मघाशी काकडीसारखी खाल्ली. मिरच्याच तिखट असत्या तर बरणी तळापर्यंत पेटली असती. पेटलाय फक्त वरचा थर. म्हणजे भरलेल्या बरणीत कुणीतरी आजच लवंगी चुरगाळून टाकली. साळूबाई चाखणार नाहीत, हे त्याला माहीत होतं."

"मग आचारीच!" हंबीरराव गरजले.

"लवंगी चुरगाळलेली बोटं दिवसभर जळतात. रामगोंडा बोटांनी डोळे चोळतात. चंदनबाला बोटांनीच आसवं पुसतात. दोघांना काही होत नाही. तुम्ही मात्र घामही बाहीनं टिपता. आणि निरांजन एक बोट पोळवतं, हंबीरराव. दहाच्या दहा ताकात घालायला लावत नाही. बरणीही तुमच्याच हातून आली. मी खोटी असेन तर दोन्ही हात डोळ्यांना लावा आणि विठ्ठलाची शपथ घ्या."

हंबीररावांचे हात छातीपर्यंत आले आणि तिथंच थरथरले.

"लाव की रं!" साळूबाई पायरी चढून वर आली. "मला चाळीस वर्सांच्या सेवेतनं उठवताना हात थरथरला न्हाई तुझा! बुवांचा गळा जाळलास, आता त्यांचं बोलणं मी बोलते. पोरींची वाट ह्यानं अडवलीया. हंबीररावानं!" बुवांनी मान डोलावली. "उठा, पक्कड आणा कुणीतरी!"

चंदनबाला पहिली उठली. मग अख्खा मंडप. कीर्तनाच्या वेळेला तारा तुटल्या.

बुवांचा आवाज मात्र पूर्वीसारखा परत आला नाही. तेव्हा मायबाप, कधी कुठं कीर्तनात चांगला खडा सूर लागला, तर हात जोडताना आमच्या ज्ञानूबुवांची आठवण काढा. एवढंच मागणं.