खाट आडवी राहीना

लाइट गेली की तुम्हा पोरांना माझी आठवण होते. एरवी म्हातारा बोलायला लागला की कानात बोळे! सांगतो, पण मधे खिदळलात तर तिथंच थांबेन.

माझा साडू दवाखान्यातल्यासारख्या खाटा भाड्याने देतो. हँडल फिरवलं की उशाकडची बाजू वर होते, तसल्या. गेल्या साली, थंडी सरताना, मंगळवारी रात्री अकराच्या सुमाराला तो शिंप्याच्या घरी खाट परत आणायला गेला. शिंपी त्याच दिवशी सकाळी वारलेला. अशा घरी रात्रीचं कोण जातं? पण साडूची थोरली बहीण घरी भिंतीला टेकून बसलेली. आडवी झाली की तिला धाप लागायची. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. आणि दुसरी खाट शिल्लक नव्हती.

शिंप्याचंही दुखणं तेच. पण त्याच्या थोरल्याच्या डोक्यात ते गाणं शिरलेलं. ते रे, 'हरू नको, ऊठ, लढ' म्हणणारं, जिथंतिथं वाजतं ते. बापाच्या उशाशी दिवसभर लावून ठेवायचा.

"गाणं खाली कर आणि खाट वर कर!" शिंपी करवादायचा.

"बाबा, असं खचायचं नाही. सरळ झोपा, सकाळी ताजेतवाने उठाल."

शेवटच्या रात्री त्याने खाट पार सपाट केली. सकाळी बाप उठलाच नाही.

साडूने खाट तशीच सपाट टेम्पोत चढवली, दोराने आवळली. हँडल काढून शेजारच्या सीटवर ठेवलं. वाटेत खाट वर होऊ नये म्हणून त्याची ती रीतच.

वस्ती संपली. डुलकी नको म्हणून त्याने रेडिओ लावला. नेमकं तेच गाणं!

"मेलं, इथंही आलं!" तो बंद करणार, तोच गाण्यात 'ऊठ' आलं.

मागे करकरलं.

हँडल फिरवल्यासारखं. आणि हँडल तर सीटवर...

उतरून बॅटरी मारली. खाटेचं उसं उभं. दोर सैल. "पेच झिजले असतील," असं पुटपुटत त्याने हँडल लावलं, खाट आडवी केली, दोर पुन्हा आवळला. रेडिओ बंद करून टाकला.

जरा पुढे गेला.

करकर.

आणि धाप. माणसाची. घरघरती... अगदी मानेमागे.

पुन्हा उतरला. पुन्हा हँडल. आता ते फिरेना. जोर लावला. धाप वाढली. आणखी जोर...

"अहो, सोडा की! माझी आक्का बसलीय तिकडे!" तो रडकुंडीला येऊन ओरडला.



नुसती धाप...

मग त्याला उमगलं. हँडलवरचा हात काढला.

"बरं बाबा. बसा. बसूनच चला."

धाप शांत झाली.

घरी त्याने उसं तसंच उभं ठेवून आक्काला टेकवलं. "गुंड्या, बरं वाटतंय रे," म्हणाली आणि घोरायलाच लागली. हा दाराशी बसून.

उजाडल्यावर आक्का तोंड धुवायला उठली. उशीत तिच्या डोक्याचा खळगा.

शेजारी आणखी एक...

हात लावला. ऊबदार.

पेच झिजलेलेच होते, असं एकजण गावभर सांगत फिरतो. बापाला आडवं करू नको, हे बापाच्या शेवटच्या रात्री मी त्याला घरी जाऊन सांगितलं होतं. "काका, तुमचं रडगाणं बाहेर," म्हणून माझ्या तोंडावर दार लावलं. माफी अजून मागितलेली नाही. कोणी म्हणून काय विचारता? शिंप्याच्या थोरल्याने!