पलीकडच्या केबिनीतले सहा ठोके

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, शपथेवर सांगतो. मी स्वतः तिथे हजर होतो. म्हणजे केबिनीत नव्हतो, खाली चहाघरात होतो. बरं, चहाघर त्या रविवारी बंद होतं. पण नेरिसने मला जे सांगितलं ते असं.

वेल्समधल्या आमच्या गावच्या रेल्वे संग्रहालयात नेरिस दोन नातवंडांना घेऊन गेली, ती काही इंजिन दाखवायला नव्हे. संग्रहालय म्हणजे जुनं स्टेशन. रूळ साठ वर्षांपूर्वीच उखडून नेले. उरली सिग्नलची केबिन, तिच्यातला पितळेच्या पॉलिशचा वास, आणि भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीच्या अपघाताची नवी कोरी पाटी : ‘दरड कोसळल्याचा इशारा सिग्नलमन ग्विलिम यांनी दिला नाही. तीन प्रवासी दगावले.’

ग्विलिम म्हणजे नेरिसचे आजोबा.

“ही पाटी उतरव, एम्लिन.”

एम्लिन शाळेत तिच्याच वर्गात होता. आता रविवारी टोपी चढवून बिनपगारी स्टेशनमास्तर व्हायचा. “चौकशीत आहे तेच लावलंय, नेरिस.”

“चौकशीत साक्ष कुणाची? पलीकडच्या स्टेशनच्या केबिनीत बसलेल्या तुझ्या आजोबांची.”

“ते जागे होते. घंटा वाजलीच नाही.”

“जागे म्हणे. चॅपेलात प्रार्थनेला उभ्याने घोरायचा तो माणूस.”

नेरिसच्या डोक्यात तिडीक गेली. तिचे आजोबा मरेपर्यंत जेवणाच्या टेबलावर बोटाने सहा ठोके द्यायचे आणि थांबायचे. सहा म्हणजे, वाट अडलीय, गाडी सोडू नका. पलीकडच्याने तेच सहा परत वाजवायचे, असा रेल्वेचा नियम. म्हणून घरातलं कुणीतरी टेबलावर सहा ठोके परत द्यायचं, तेव्हा कुठे म्हातारा चमचा उचलायचा. ही रीत घरात नातवंडांपर्यंत उतरली होती.

दोघं भांडत असतानाच तिच्या चार वर्षांच्या नातवाने, टेगिडने, स्टुलावर चढून घंटेची कळ दाबली. खट्, खट्... सहा वेळा. कळ इथे दाबायची, घंटा वाजते पलीकडे. मग हात मागे बांधून तो वाट बघत राहिला.

“दाब खुशाल, बाळा,” एम्लिन म्हणाला. “तार केव्हाच तोडलीय.”

खिडकीवर गुणगुणणारी माशी गप्प झाली. बाहेर ऊन होतं, पण केबिनीत थंडी शिरली, आणि ओल्या मातीचा वास आला... नुकत्याच ढासळलेल्या मातीचा.

“आजी,” सात वर्षांची ग्वेनो कुजबुजली, “कुणीच कसं उत्तर देत नाही...”

तेव्हा भिंतीवरची घंटा वाजली. एक... दोन... जड हाताने, झोपेतून उठल्यासारखी. तीन... चार... पाच...

सहा.

“उंदीर असेल,” एम्लिन पुटपुटला.

“मोजता येणारा?”

त्याने घंटेमागे हात घातला. हातात आलं ते वीतभर तारेचं गंजकं टोक. पुढे काही नव्हतं.

टेगिडने समाधानाने खिशातलं बिस्कीट काढलं आणि खायला लागला.

“शंभर वर्षं,” नेरिस म्हणाली. “तीन माणसं मेली, माझ्या आजोबांनी जन्मभर मान खाली घातली, आणि तुझ्या आजोबांना जाग यायला शंभर वर्षं लागली.”

एम्लिनने टोपी काढली, तिची माफी मागितली, आणि चारही स्क्रू काढून पाटी उतरवली.

आता कबूल करतो, हे शेवटचं वाक्य मी रचलं. माफी नाही की काही नाही. पाटी अजून तिथेच आहे, वर तिच्यावर त्याने काच बसवलीय. घंटा पुन्हा वाजू नये म्हणून तिच्या हातोडीला मात्र तो, रविवार नसला तरी, रोज संध्याकाळी लोकरीचा मोजा बांधून जातो. आणि रोज सकाळी तो मोजा सिग्नलमनच्या खुर्चीवर नीट घडी घालून ठेवलेला असतो. खुर्चीची गादी तेव्हा कोमट लागते.

हे नाही रचलं.