थांब म्हटलं की थांबतंय

सिनेमाला जायचं संयोगितानं ठरवलं. आमच्या घरात असलं सगळं तीच ठरवते. मी नोकरीची सगळी वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. माणसांपेक्षा कपाटांशी जास्त बोललो. रिक्षाला हात करावा की नको हा विचार माझा संपतो तोवर रिक्षा पुढच्या चौकात गेलेली असते. संयोगिता शिरोळची. या मळ्यातून त्या मळ्यात हाका मारत वाढलेली. कळंब्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि ती खिडकीतून बोलली की खालचा भाजीवाला वजन करता करता थांबतो.

"चिऊ-काऊची गोष्ट हाय म्हणं," ती म्हणाली. "पण लई भ्या वाटतंय म्हणत्यात. चला की. घरात बसून काय अंडी घालायची हायती?"

चित्रपटाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना कळेल. इतरांनी तो शोधू नये असं वाटतं, पण माझं ऐकणार कोण.

गोष्ट आपली सगळ्यांची. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिमणीच्या दाराशी येतो. ती आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते. मग अंग पुसते. मग पावडर, मग काजळ, मग पाळणा. या गोष्टीची बरीच रूपं मी नोकरीत असताना वाचली होती. कुठे कावळा चुलीपाशी भाजतो, कुठे तो पिल्लं खातो. शेवट जागोजागी बदलतो. बाळ झोपलं की दार उघडतं, एवढं मात्र कुठेच बदलत नाही.

या चित्रपटात पक्षी नव्हते. एक काळोखं घर, आणि आपण प्रेक्षक त्या घराच्या आत, बंद दारासमोर. बाहेर पाऊस. दाराखालच्या फटीतून ओल्या घोंगड्याची कड तेवढी दिसायची. दार वाजायचं. मग आवाज यायचा, "दार उघड." बाईचा की पुरुषाचा ते सांगता येत नव्हतं, घसा बसलेल्या माणसासारखा होता. त्यानंतर लांबलचक शांतता. आतली चिमणी उत्तरच देत नव्हती. तिची जागा दिग्दर्शकानं मोकळी सोडली होती.

कोल्हापूरच्या थिएटरात अशी जागा मोकळी सोडली तर काय होणार? आधी एक शिट्टी आली. मग मागून कुणीतरी ओरडलं, "थांब रं, मटण शिजू दे!" हशा झाला. आणि माझ्या शेजारी संयोगिता अर्धवट उठली, दोन्ही हात तोंडाशी धरून म्हणाली, "थांब की! बाळाला न्हाऊ घालतोय!"

मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

"बरं," पडद्यावरून आवाज आला.

थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. टाळ्या, शिट्ट्या. दिग्दर्शक हुशार आहे, असं मलाही वाटलं. पुढे दर वेळी दार वाजलं की लोक ओरडायचे, थांब, थांब, आणि पलीकडून तेच यायचं. "बरं." शेवटपर्यंत दार उघडलं नाही. दिवे लागले.

परतताना गुऱ्हाळाचा गोड, जळका वास येत होता. संयोगिता खुशीत होती. मी मात्र गप्प होतो, आणि त्याचं कारण मी तिला सांगितलं नाही. आम्हाला मूल नाही. एक झालं होतं. बारशाच्या आधीच गेलं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'बाळ' हा शब्द मी थिएटरात पहिल्यांदा ऐकला.

पुढचं सांगताना माझं कुठे चुकत असेल. मला कमी ऐकू येतं, यंत्र लावावं लागतं, आणि ते यंत्र कधी कधी नसलेली कुजबुज ऐकवतं. पण हल्ली मला थांबण्याखेरीज दुसरं काम नाही, म्हणून आठवतं तसं सांगतो.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती मेथी निवडत होती. मी पेपर वाचत होतो, यंत्र टेबलावर होतं. तिनं मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि हसत ओरडली, "थांब, अंग पुसतोय!"

"कोण आहे?"

"दार वाजलं न्हवं का. खालची रूपाली आसंल."

मी दार उघडलं. कुणी नव्हतं. पायपुसणं ओलं होतं, पिळलं तर पाणी निघेल इतकं. फेब्रुवारी महिना, कडक ऊन, आणि आमच्या भागात आदल्या दिवसापासून पाणी आलेलं नव्हतं. मी ते उचलून गच्चीत वाळत घातलं. कुणीतरी बादली नेताना सांडली असेल, असं स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी रूपाली खरंच आली. ती आमच्या खालच्या मजल्यावर राहते. दारातच उभी राहिली.

"काका, तुमच्याकडं पावणं आल्यात काय?"

"नाही. का?"

"जिन्यात पाणी असतंय. मी म्हटलं टाकी गळती, म्हणून ह्यांना बघायला लावलं. टाकी ठीक हाय." तिनं जिन्याकडे बोट केलं. "पाणी वरून खाली आल्यागत दिसत न्हाय, काका. खालून वर गेल्यागत दिसतंय. तुमच्या दाराशी संपतंय."

तिनं आमच्या पायपुसण्याकडे पाहिलं आणि घाईनं जिना उतरून गेली. साखर मागायला आणलेली वाटी तिच्या हातात तशीच होती.

त्या संध्याकाळी घरात पावडरचा वास आला. लहान मुलांची असते ती, गुलाबी डब्यातली. डबा स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवला होता.

"हे कशाला?"

"आसू दे की. उन्हाळा आलाय."

मग दार वाजलं. या वेळी यंत्र माझ्या कानात होतं. तीन ठोके, ओल्या हातानं मारावेत तसे, बोदे, दबके.

"थांब," संयोगिता म्हणाली. ती ओरडली नाही, हसलीही नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तितक्याच आवाजात म्हणाली. "पावडर लावतोय."

दारापलीकडून काहीतरी आलं. ते "बरं" होतं, असं मी शपथेवर सांगणार नाही.

"तू उत्तर देऊ नकोस," मी म्हणालो. "अगं, पुढे काजळ आहे. मग पाळणा. त्याच्यापुढे सांगायला काही उरत नाही."

"उत्तर न्हाय दिलं तर आत यील की ते." ती मला समजावत होती, जसं मी काही लहान आहे. "थांब म्हटलं की थांबतंय बिचारं. भिजलंय वो."

"कोण भिजलंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला गप्प करायला तिला कधी शब्द कमी पडले नव्हते. त्या दिवशी ती नुसती उठली. आत गेली आणि जुनं मऊ लुगडं काढून चौकोनी घड्या घालत बसली.

मला काय करायचं सुचेना. दुसरा कुणी असता तर तिला घेऊन गारगोटीला तिच्या बहिणीकडे गेला असता. मी तसं एकदा सुचवलं. ती म्हणाली, "आणि हितं कोण बघंल?" मी पुन्हा विषय काढला नाही. काजळाचा दिवस आला, आणि तोही गेला. 'थांब, काजळ घालतोय,' हे ती अगदी दाराला तोंड लावून बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला मी एकटा थिएटरवर गेलो. चित्रपट पुन्हा नीट पाहावा, त्यात काही वाट सापडते का बघावं, एवढंच डोक्यात होतं. पुस्तकात न सापडलेलं मी आणखी कुठे शोधणार?

गर्दी होती. पण आवाज नव्हता. माणसं तिकीट देऊन आत जात होती, बसत होती. बरीचशी माणसं जोडीजोडीनं आली होती. पडद्यावर दार वाजलं, "दार उघड," आणि मला शेजारी हालचाल जाणवली. शेजारच्या बाईनं पदर तोंडात धरला होता. पुढच्या रांगेत एकानं दोन्ही तळवे ओठांवर दाबले होते. सगळ्या थिएटरात कुणी शब्द काढला नाही.

पडद्यावरही "बरं" आलं नाही. ठोके पडत राहिले. पहिल्या दिवशीही चित्रपट हाच होता.

मी उठून बाहेर आलो. दारावर तिकीट फाडणारे हंबीरराव स्टुलावर बसले होते. त्यांना मी तोंडओळखीनं ओळखतो.

"हंबीरराव, यात 'बरं' म्हणतं ना ते? पहिल्या दिवशी म्हटलं होतं."

त्यांनी आतलं दार नीट लोटून घेतलं. "सिनेमात न्हाय ते, सर. रोज बगतोय मी. त्यात न्हायच."

"पण मी ऐकलं."

"मी बी ऐकलं."

"मग ही माणसं परत परत का येतात?"

"शेवट बदलतोय काय बगाय. बाहेरचं माघारी जातंय काय." त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि न उघडताच परत ठेवली. "मटण शिजू दे म्हणून वरडल्यालं ते मीच. गमतीत. आता आमच्या चुलीवर रोज पातेलं चढतंय. मंडळी ढवळत बसत्या. आत काय घालती ते मी बगितलं न्हाय."

मी लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"तुमच्याकडं काय सांगिटलंय?" त्यांनी विचारलं.

"बाळ."

ते स्टुलावरून उठले. "पाळणा बांधला न्हाय न्हवं अजून?"

मी घरातून निघालो तेव्हा आतल्या खोलीत झोपाळ्याच्या कडीला लुगडं अडकवलेलं होतं. वाळत घातलं असेल, असं मला वाटलं होतं. पण त्या खोलीत ऊन येतच नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्याच्या मध्ये उभं राहून रिक्षा थांबवली.

कळंब्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. जिना कोरडा होता. पहिला मजला, दुसरा, रूपालीचं बंद दार, वरचा मजला. सगळीकडे कोरडी धूळ. आमचं पायपुसणं कोरडं, उन्हानं कडक झालेलं. मला इतकं बरं वाटलं की भिंतीला टेकून मी क्षणभर हसलो. गेलं म्हणायचं.

मग किल्ली लावली. आतून कडी होती.

मी दार वाजवलं. "अगं, मी आहे."

आत पावलं आली. संयोगिता दाराशी आली, पण कडी निघाली नाही.

"हळू," ती म्हणाली. तिला कुजबुजता येतं हे मला माहीतच नव्हतं. "निजलंय आत्ताच."

"दार उघड."

"किती दिवस थांबलंतं बिचारं. घेतलं मी आत." पाळण्याची कडी करकरत होती, संथ, एका लयीत. ती दाराशी होती आणि पाळणा हलत होता.

"संयोगिता, दार उघड."

ती दारापासून लांब गेली. गुणगुणल्याचा आवाज आला.

मी पुन्हा दार वाजवलं. माझा हात घामानं भिजला होता, म्हणून ठोके बोदे पडले. घसा बसला होता. "दार उघड," मी म्हणालो.

आतून, अगदी फटीपाशी, घसा बसलेला आवाज आला.

"थांब."

मला भांडता येत नाही. कधीच आलं नाही.

"बरं," मी म्हणालो.

पायाखालचं पायपुसणं हळूहळू ओलं होत होतं.