दहा मिनिटांच्या नोंदी

यातलं काहीही मी वाढवून सांगत नाही. वेळा तर नोंदींतून जशाच्या तशा उतरवल्या आहेत. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं, तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या घरात, दिवसाढवळ्या. ओळीने चार रविवार.

ताई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एकटी राहते. कुणी काही सांगितलं की "पुरावा काय?" हा तिचा पहिला प्रश्न.

तिची कॉलेजातली मैत्रीण म्हणजे टोपी. भेटेल त्याला टोपी घालायची, म्हणून हे नाव. ताईचं लग्न ठरत आलं होतं तेव्हा टोपीने गमतीत एक थाप मारली आणि सगळी बोलणी फिसकटली. त्यानंतर चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग टोपीनेच फोन केला. परफॉर्मन्स आर्टचा ऑनलाइन कोर्स आहे, जोडीनेच प्रवेश मिळतो, येतेस का?

नाटकबिटकात ताईला काडीचाही रस नव्हता. तिला मैत्रीण परत हवी होती.

कोर्सच्या सरांचा पहिला धडा साधा होता. एकीने कॅमेऱ्यासमोर खुर्चीत डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं. दुसरीने आपल्या घरून पडद्यावर बघायचं आणि जे जे हलेल ते वेळेसकट लिहायचं. मग अदलाबदल. या नोंदींतूनच शेवटी दोघींनी मिळून एक सादरीकरण उभं करायचं होतं.

पहिल्या रविवारी टोपीच्या नोंदी आल्या. चार वाजून दोन मिनिटं, खिडकीचा पडदा हलला. चार वाजून पाच, तू आवंढा गिळलास. चार वाजून सात...

तुझ्यामागचं दार चार बोटं उघडलं.

ताईने वळून पाहिलं. दार बंद होतं. आतून कडी.

टोपीची जुनी खोड, दुसरं काय. ताईने विषय काढला नाही.

दुसऱ्या रविवारी, चार वाजून तीन, दार पूर्ण उघडं. चार वाजून सहा...

एक बाई आत आली.

खाली टोपीने लिहिलं होतं, शेजारीण का गं? चवड्यांवर चालत आली बिचारी, तुला त्रास होऊ नये म्हणून.

आता मात्र ताईचं डोकं फिरलं. तिसऱ्या रविवारी तिने दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली खिशात. दुसरा फोन टोपीला न सांगता फडताळात उभा केला आणि चित्रण सुरू केलं. मग डोळे मिटले.

पंखा ऐकू येत होता. खालून जाणाऱ्या गाड्या ऐकू येत होत्या.

मग गाड्या ऐकू येईनात.

पंखाही.

राहिला तो स्वतःचा श्वास. तिने तो मोजायला घेतला. एक. दोन. आपण श्वास सोडला की थोड्या वेळाने मागे... अजून एक सुटत होता.

टोपीची नोंद होती, चार वाजून चार, बाई पलंगावर बसली.

फडताळातल्या फोनमध्ये पलंग रिकामा होता. चादरीला एक सुरकुती नाही. ताईने तडक फोन लावला.

"अजून किती टोप्या घालणार आहेस मला?"

टोपीने एरवीसारखं हसण्यावारी नेलं नाही.

"तुला ती दिसत नाही?"

"माझ्याकडे चित्रण आहे. कुणीही नाही."

"मग मी कोर्स सोडते," टोपी हळूच म्हणाली. "तू माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीस, आणि मला ते परत बघवणार नाही."

जोडीदार उरली नाही म्हणून चौथ्या रविवारी सर स्वतः बघायला बसले. आधीच्या नोंदी ताईने त्यांना दाखवल्याच नाहीत. साक्षीदार कोरा हवा, हे तिचं म्हणणं. ते बरोबरच होतं. सरांना थाप मारायचं काही कारण नव्हतं. त्यांना कुणी दिसलं नाही की टोपी खोटी ठरणार, कायमची.

साडेचारला नोंदी आल्या. चार वाजून एक, उजवी पापणी. चार वाजून तीन, पडदा. चार वाजून आठ...

मागच्या बाईंनी वहीचं पान उलटलं.

त्याखाली सरांनी लिहिलं होतं, त्याही शिकत असतील तर उत्तम. त्यांच्याही नोंदी पाठवा.

ताईने त्याच मिनिटाला टोपीला फोन केला. चुकलं माझं, म्हणाली. दोनदा म्हणाली. टोपी ना चिडली, ना रडली.

"ते राहू दे. तू आधी बाहेर ये."

ताई अनवाणी जिना उतरली. तेव्हापासून ती टोपीकडेच राहते.

नंतर मी सगळं तपासलं. खोलीत आरसा नाही, म्हणजे प्रतिबिंबाचा प्रश्न नाही. बघणारी माणसं दोन, त्यांचे संगणक वेगळे, एकमेकांच्या नोंदी कुणी पाहिलेल्या नाहीत. तरीही फोनमधला पलंग रिकामा. मला हे जुळवता येत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण लगेचच्या मंगळवारी ताईला सरांची ईमेल आली.

"तुमच्या खोलीतल्या बाईंच्या नोंदी मिळाल्या. नजर बारीक आहे. पण त्यांना सांगा, दहा मिनिटांचंच लिहायचं असतं. त्यांनी तुम्ही राहायला आल्यापासूनचं लिहिलंय."

सोबत फाइल होती. ताईने ती उघडली नाही. शेवटची नोंद कुठल्या दिवसाची आहे तेवढं बघ, असं तिने टोपीला सांगितलं. टोपीने पाहिलं आणि म्हणाली, रविवारची.

मला टोपीने खरं सांगितलं.

सोमवारची होती, ताईबद्दलच. सोमवारी ताई त्या खोलीत नव्हती, टोपीच्या घरी होती...

ताईने या वेळी पुरावा मागितला नाही. आणि टोपीची ही थाप मीही उघडी पाडलेली नाही.