डिकीतला पाना

श्रावणातल्या एका ओल्या सकाळी मखमलाबाद नाक्यावर छायाने ब्रेक दाबला आणि तिच्या वडिलांची, दादांची जुनी मारुती अशी किंचाळली, की टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले. गाडी थांबली ती एका मोटारसायकलपासून जेमतेम वीतभर अंतरावर. आता हा भांडणार, असं छायाला वाटलं. पण तो मुलगा खाली उतरला, पुढच्या चाकाशी वाकला आणि आत डोकावून बघू लागला.

"ब्रेकचे पॅड संपत आलेत," तो म्हणाला. "कधीपासून ओरडतेय बिचारी?"

"झाले असतील चार दिवस... मला वाटलं, पावसाने गंज धरला असेल."

"आणि असल्या गाडीत फुलं भरून रोज बाजारात जाता? धन्य आहे तुमची! हळू चालवा. आणि दसऱ्याच्या आत बदलायचेच — मी येऊन बदलून देईन."

खरं तर छायाला राग यायला हवा होता. पण पापण्यांवर पावसाचे थेंब घेऊन कुणी इतक्या काळजीने ओरडलं, तर माणसाने रागवायचं तरी कसं? वाल्मीक त्याचं नाव. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर, राहायला त्यांच्याच मळ्यामागच्या वस्तीत. इतकी वर्षं हा होता तरी कुठे, देव जाणे!

त्या दिवसापासून तो रोज सकाळी नाक्यावर उभा असायचा. ब्रेकचा आवाज ऐकायला म्हणे! छाया गाडी हळू करायची, तो मान तिरकी करून ऐकायचा, "अजून आठ दिवस," म्हणायचा आणि हसायचा. तेवढ्या हसण्यावर छायाचा दिवस निघायचा. शेवंतीचे गजरे बांधता बांधता ती मध्येच थांबायची, दोरा बोटात तसाच राहायचा.

आणि सगळं असं छान चाललेलं असताना नामपूरचं स्थळ आलं. कांद्याचे व्यापारी, घर मोठं, मुलगा शिकलेला. दादांनी, म्हणजे सहादू मळेकरांनी, ठरवून टाकलं — दसऱ्याला सगळ्यांनी गाडीने नामपूरला जायचं आणि सुपारी फोडूनच परत यायचं. छायाने ही बातमी वाल्मीकच्या कानावर घातली. तो खाली बघत म्हणाला, "मग ब्रेक बदलायलाच हवेत. लांबचा रस्ता आहे." अरे कर्मा! असल्या माणसाला काय म्हणावं?

खंडेनवमीला सकाळीच तो नवे पॅड आणि आपली हत्यारं घेऊन अंगणात हजर झाला. आज दुपारी घरोघरी हत्यारांची पूजा. एकदा का पूजा झाली, की दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, म्हणून घाई. डिकीतून गाडीचा जॅक काढला, पोत्यावर पाने मांडले आणि उजवं चाक तासाभरात उरकलंसुद्धा. डाव्या चाकातून जुना पॅड काढून त्याने छायाच्या तळहातावर ठेवला.

"बघा. नाण्याएवढी जाडीसुद्धा उरली नाही."

पॅड बघायचा सोडून छाया त्याच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिली. त्याने नवे पॅड बसवले, वरचे बोल्ट आवळले.

"आता आत बसा आणि पेडल दाबा. नवीन पॅड घातले की आधी हे करायचं, नाहीतर ऐन वेळी ब्रेकच लागत नाही. दाबा... सोडा... पुन्हा..."

"किती वेळा?"

"घट्ट लागेपर्यंत."

ते घट्ट लागल्यावरही ती आणखी चार वेळा दाबत राहिली. तोही थांबा म्हणाला नाही... काचेतून नुसता बघत होता.

चाक लावायचं तेवढं बाकी राहिलं. तो हात धुवायला विहिरीवर गेला, आणि परत येऊन बघतो तर काय! पोत्यावरच्या प्रत्येक पान्यावर हळदकुंकू, वर अक्षता, आणि झेंडूचं एकेक फूल. छाया हात जोडून उभी.

"अहो, हे काय केलंत? चाक राहिलंय अजून!"

"अय्या... विसरलेच की!"

दादा बाहेर आले. तीन चाकांवरच्या गाडीकडे बघितलं, पूजेकडे बघितलं, मग लेकीकडे. "झालं आता. पूजेतलं हत्यार उचलायचं नाय," एवढंच म्हणाले. नामपूरला फोन करून त्यांनी आठ दिवसांनी येतो म्हणून कळवलं. इतक्या मुकाट्याने ते ऐकतील, असं छायाला वाटलंच नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि वाल्मीक आला. अंगणभर झेंडूचा वास होता, ऊन कलतं झालं होतं. त्याने चाक लावलं, नट आवळले. छाया शेजारी बसली होती.

"काल मी विसरले नव्हते," ती एकदम म्हणाली. "मुद्दाम केली पूजा. मला नामपूरला जायचं नव्हतं... नाहीये."

वाल्मीकने पाना खाली ठेवला.

"छाया... जॅक काढला ना, तेव्हा डिकीत गाडीचा स्वतःचा पाना दिसला होता मला. त्याची पूजा झाली नव्हती. कालच चाक लावता आलं असतं."

"मग... लावलं का नाही?"

"तू जाऊ नयेस म्हणून. तू मला आवडतेस. श्रावणापासून! रोज बोलायचं ठरवायचो आणि तोंडातून पॅडच निघायचे." पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं. छायाच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं.

"मला काय सांगतोस? दादांना सांग. आज, आत्ता."

ओट्यावर दादा आपट्याची पानं निवडत बसले होते. वाल्मीक समोर जाऊन उभा राहिला. "काका, चाक बसलं. पण... एक बोलायचंय. त्या पान्याबद्दल —"

"डिकीतल्या?" दादांनी मान वर केली नाही. "गाडी माझी हाय रे बाबा. पाना कुठं असतो, मला ठावं नसल होय?"

मग आपट्याचं एक पान त्याच्या हातात ठेवत ते म्हणाले, "बस. आन् तुझ्या आईला कधी आणतोस, ते सांग."