चारशे बारा ठिकाणी

मुलगा कामचुकार होता. हे त्याची आईच सांगायची, आणि त्याच्या तोंडावर सांगायची.

ही गोष्ट खरी आहे. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल पुढे जावं, कुणी हात धरलेला नाही. मंगळवार होता. दुपारचे तीन. घर तीन खोल्यांचं, भिंती पातळ.

मुलाचं टायपिंगचं दुकान होतं. नवा अर्ज त्याने जन्मात लिहिला नाही. कुणाचा तरी जुना काढायचा, जुनं नाव शोधायचं, तिथे नवं घालायचं. एक बटण दाबलं की शंभर फायलींतलं नाव बदलायचं. आई दुसरीपर्यंतच शिकलेली, पण ही चलाखी तिला बरोबर कळायची.

पहिली सून वारली. चौथ्या महिन्यात साहेबांनी नवी आणली. नवीला कॉम्प्युटरवर पहिलीचं नाव दिसलं, तिने तोंड पाडलं. झालं. याने घरच्या सगळ्या फायली एकदम घेतल्या. वरच्या चौकटीत पहिलीचं नाव, खालच्या चौकटीत नवीचं, आणि दाबलं बटण.

चारशे बारा ठिकाणी बदललं, असं पडद्यावर आलं.

आत काय काय आहे ते वाचलंस का, आईने विचारलं. वाचायचं कशाला, म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

आत पहिलीच्या आजारपणाच्या सहा फायली होत्या. दिवसाला एक. डॉक्टरांनीच नोंद ठेवायला सांगितली होती. ती आत अंगठीने भिंत वाजवायची, हा बाहेर बसून टाइप करायचा... 'भिंतीवर तीनदा टकटक. पाणी मागितले.'

पाणी आई द्यायची.

बुधवारी नवीला ताप आला. डाव्या हाताला मुंग्या.

शुक्रवारी आवाज गेला.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

शनिवारी दुपारी आई भांडी लावत होती, आणि भिंतीवर...

टक. टक. टक.

आई धावत आत गेली. नवीची बोटं सुजली होती, अंगठी कधीच काढून ठेवलेली. आवाज मात्र धातूचा होता. तो कुठून आला, ते आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

आईने मुलाला खुर्चीत बसवलं आणि फायली मोठ्याने वाचायला लावल्या. पहिल्या दिवशी ताप, मुंग्या. तिसऱ्या दिवशी आवाज गेला. चौथ्या दिवशी टकटक. सहाव्या फायलीत एकच ओळ, नवीच्या नावाची... 'दुपारी चार वाजता गेली.'

सहावा दिवस सोमवार होता.

दोन दिवस तो ते नाव पुसत होता. पुसलं की परत यायचं. फाइल काढून टाकली की जागेवर परत. नाव शोधायला सांगितलं तर, सापडलं नाही. समोर दिसत असून, सापडलं नाही. त्या जागी पहिलीचं घातलं, तरी तेच.

सोमवारी तीन वाजता आई पाणी घेऊन आत निघाली, आणि तिची नजर पडद्यावर गेली. त्याने खालच्या चौकटीत दुसरंच नाव टाइप केलं होतं. आईला लिहिलेलं फारसं वाचता येत नव्हतं, स्वतःचं नाव तेवढं यायचं.

तेच होतं.

आणि या खेपेला कॉम्प्युटरने लगेच उत्तर दिलं. चारशे बारा ठिकाणी सापडलं. बदलायचं का?

आई ओरडली नाही. ते पूस, म्हणाली. माझं नाव चालतंय तर तुझंही चालेल. तुझं घाल.

त्याने घातलं. कॉम्प्युटरने पुन्हा तेच विचारलं. बोट बटणावर आलं... आणि तिथेच राहिलं.

साडेतीन. पावणेचार.

बोट हललं नाही.

चार वाजता भिंतीवर टकटक झाली. या वेळी एकदाच...

आई आत जाऊन आली. हातातला पेला भरलेलाच होता. तो तिने मुलापुढे टेबलावर ठेवला.

"बायका दोन झाल्या," ती म्हणाली. "मारणारा एकच. पी पाणी."